बर्फावरचे मुसाफिर

१४ फेब्रुवारी २०१४. रशियातील सोची येथे हिवाळी ऑलिम्पिकमधील पुरुषांची १५ किलोमीटरची क्रॉस-कंट्री स्की शर्यत. निकालपत्रकात पहिले नाव स्वित्झर्लंडच्या दारिओ कोलोन्याचे. वेळ ३८ मिनिटे २९.७ सेकंद. पाने उलटत खाली आलो की ८५व्या क्रमांकावर जम्मू-काश्मीरचा नदीम इकबाल भेटतो. त्याला ५५ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला. शर्यत पूर्ण करणारे होते ८७.

पंच्याऐंशीवा आला, त्यात लिहिण्यासारखे काय, असे कोणीही विचारील. पण त्या नावापुढे ‘भारत’ हा शब्द छापला जाणे हीसुद्धा त्या आठवड्यातली मोठी गोष्ट होती. भारतीय ऑलिम्पिक संघटना निवडणुकांतील गैरप्रकारांमुळे डिसेंबर २०१२ पासून निलंबित होती. ७ फेब्रुवारीला उद्घाटन सोहळ्यात शिवा केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इकबाल हे आपले तीन खेळाडू तिरंग्याऐवजी ऑलिम्पिकच्या पांढऱ्या झेंड्याखाली चालले. ११ तारखेला निलंबन उठले आणि तीन दिवसांनी नदीम आपल्या देशाच्या नावाने धावला. वर्षानुवर्षे बर्फावर घाम गाळायचा आणि आपण कोणाच्या नावाने उतरणार हे शर्यतीच्या तीन दिवस आधी कळायचे!

वर्गात मुलांना ‘स्कीइंग म्हणजे काय’ विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘सर, डोंगरावरून घसरत खाली यायचे.’ सिनेमातले गुलमर्ग त्यांनी पाहिलेले असते. तो प्रकार वेगळा, त्याला अल्पाइन म्हणतात. तिथे दोरीच्या पाळण्याने वर जायचे आणि उतारावरून खाली यायचे. क्रॉस-कंट्रीत मात्र पाळणा नसतो. चढ स्वतःच्या पायांनी चढायचा, सपाटीवर स्वतःच ढकलत राहायचे आणि उतार आला तर तेवढाच दम खायचा. स्की अरुंद, हलक्या. बूट फक्त पुढच्या टोकाला अडकवलेला, टाच मोकळी. हातात दोन काठ्या. सगळ्या शरीराला एकाच वेळी कामाला लावणारे खेळ थोडे आहेत, त्यांत हा वरच्या रांगेत. शेवटच्या रेषेवर खेळाडू बर्फावर आडवे पडून धापा टाकताना दिसतात. त्यात अभिनय नसतो.

नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये हा खेळ म्हणजे शेजारच्या गावाला जायची जुनी वाटच आहे. स्वीडनमध्ये दर मार्चच्या पहिल्या रविवारी सालेन ते मोरा अशी ९० किलोमीटरची ‘वासालोपेत’ शर्यत होते. ती १९२२ साली सुरू झाली. हजारो साधी माणसे तीत उतरतात आणि वाटेत त्यांना गरम ब्लूबेरीचे सार पाजतात. तिथल्या मुलाला घराच्या दारातून स्की घालता येतात. बाकीच्यांना बर्फाच्या शोधात घर सोडावे लागते. मला या खेळात सर्वांत जास्त ओढ वाटली ती या घर सोडण्याचीच.

वर्षाचा हिशेब असा. उन्हाळ्यात बर्फ नाही, म्हणून डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीवर सराव. कुणी आल्प्समधल्या हिमनदीवर जाते, कुणी थेट दक्षिण गोलार्धात, कारण आपला ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा. कर्नाटकातील कोडगूची भवानी तेक्कडा नंजुंडा हिने २०२५ मध्ये चिलीत ५ किलोमीटरच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत कांस्यपदक मिळवले. कॉफीच्या मळ्यांच्या प्रदेशातली मुलगी बर्फासाठी कुठवर जाते पाहा. नोव्हेंबरच्या शेवटी विश्वचषकाची मालिका साधारणपणे फिनलंडच्या उत्तरेला रुका येथून सुरू होते. मग नॉर्वेतले लिलहामर, स्वित्झर्लंडमधले दावोस. नाताळ उरकतो न उरकतो तोच ‘टूर द स्की’ ही एकामागून एक शर्यतींची साखळी. तिचा शेवट इटलीच्या वाल दि फिएमे खोऱ्यात आल्पे चेर्मिस नावाच्या डोंगरावर. त्या डोंगरावर एरवी लोक वरून खाली येतात. हे खालून वर जातात, आणि चढ काही ठिकाणी २८ टक्क्यांच्या घरात. त्यानंतर फालुन, लाहती, ओस्लो. मार्च संपतो तेव्हा कुठे बॅग रिकामी होते.

नॉर्वेच्या खेळाडूला दोन शर्यतींच्या मध्ये घरी जाऊन आईच्या हातचे जेवता येते. अमेरिकेच्या किंवा आशियाच्या खेळाडूला ती सोय नाही. जेसी डिगिन्स ही मिनेसोटा राज्यातल्या ॲफ्टन गावची. तिचा संघ नोव्हेंबरला युरोपात उतरतो तो मार्चपर्यंत बॅगांतूनच जगतो. दर आठवड्याला नवे गाव, नवी खोली, नवी उशी. २०१८ च्या प्याँगचँग ऑलिम्पिकमध्ये डिगिन्स आणि किकन रँडल यांनी सांघिक स्प्रिंटमध्ये सुवर्ण जिंकले. क्रॉस-कंट्रीत अमेरिकेचे ते पहिलेच सुवर्ण.

या किकन रँडलची कथा आपल्या भगिनींनी मुद्दाम वाचावी. २००२ पासून तिने पाच ऑलिम्पिक केली आणि पदक मिळाले ते पाचव्यात. मधल्या काळात, एप्रिल २०१६ मध्ये, तिला मुलगा झाला. पुढच्याच हिवाळ्यात ती बाळाला कडेवर घेऊन पुन्हा शर्यतींच्या फेरीत उतरली. नवरा आंतरराष्ट्रीय स्की महासंघासाठी माध्यमांचे काम पाहत असे, म्हणून तोही त्याच वाटेवर. स्कीच्या पिशव्यांशेजारी बाळाची गाडी, दुपट्यांशेजारी मेणाचे डबे. सराव, दूध, झोप, शर्यत. प्याँगचँगला गेलेल्या अमेरिकी पथकात आई असलेली ती एकटीच होती. त्याच वर्षी उन्हाळ्यात तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि उपचारांचा आणखी एक लांबचा प्रवास सुरू झाला. नॉर्वेची मारित ब्योर्गेन हीसुद्धा डिसेंबर २०१५ मध्ये आई होऊन परतली आणि २०१८ ला तिने आपली एकूण पदके १५ वर नेली. हिवाळी ऑलिम्पिकच्या इतिहासात तोवर कुणाचीही एवढी नव्हती. लग्न झाले, मूल झाले, आता खेळ पुरे, हे वाक्य आपल्या घरांत किती सहज बोलले जाते!

आता सामानाकडे वळू. दहा फूट नाही, पण माणसाहून उंच अशी स्कीची पिशवी विमानतळावर ओढत न्यायची. मोठ्या संघाच्या एका खेळाडूकडे तीस-चाळीस जोड्या असणे नवलाचे नाही. कोरड्या थंड बर्फासाठी एक, ओल्या बर्फासाठी दुसरी, कृत्रिम बर्फासाठी तिसरी. आणि त्याहून मोठे प्रकरण मेणाचे. जुन्या पद्धतीच्या म्हणजे क्लासिकल शर्यतीत एकाच स्कीने दोन उलटी कामे करायची असतात. पुढे जाताना ती घसरली पाहिजे आणि चढावर पाय रोवताना तिने बर्फ पकडला पाहिजे. म्हणून स्की कमानीसारखी किंचित वाकवलेली असते. टोकांना घसरणारे मेण, मधल्या भागाला चिकटणारे. पूर्ण भार टाकला तरच मधला भाग बर्फाला टेकतो. बर्फ एक-दोन अंशांनी तापला की सगळे गणित बदलते. ओल्या, गोठून टणक झालेल्या बर्फासाठी ‘क्लिस्टर’ नावाचे मेण वापरतात. ते डिंकासारखे चिकट असते, बोटाला लागले की सुटत नाही.

श्रीमंत संघांकडे मेण लावण्यासाठी कारखान्याएवढे ट्रक आणि पगारी तंत्रज्ञ. छोट्या देशाचा खेळाडू हॉटेलच्या तळघरात स्वतःच इस्त्री घेऊन मेण वितळवतो आणि सकाळी त्याच हातांनी काठ्या धरतो. पूर्वी या मेणात फ्लोरिनची संयुगे असत. घसरण्यात बेजोड, पण माणसाच्या फुप्फुसांना आणि पाण्यामातीला घातक. २०२३-२४ च्या हंगामापासून महासंघाने शर्यतींत त्यांवर पूर्ण बंदी आणली. बंदीने श्रीमंत-गरीब अंतर मिटले असे नाही, पण तळघरातल्या माणसाच्या श्वासाची थोडी तरी काळजी घेतली गेली.

सोचीतल्या त्या दिवशी मात्र सगळ्यांचेच मेण गडबडले. दिवस इतका गरम होता की नॉर्वेचा एक खेळाडू बाह्या कापून आणि अर्ध्या चड्डीवर धावला. हिवाळी ऑलिम्पिक आणि खेळाडू गुडघे उघडे ठेवून! बर्फाचा चिखल झालेला. ज्यांच्याकडे दहा तंत्रज्ञ होते तेही चाचपडत होते, मग नदीमसारख्यांचे काय झाले असेल, ते लिहायला नको. उलट टोक बीजिंगचे. २०२२ ला थंडी आणि वाऱ्यामुळे पुरुषांची ५० किलोमीटरची शर्यत २८.४ किलोमीटरवर आणावी लागली. नियम असा की पारा उणे वीसच्या खाली गेला तर शर्यत पुढे ढकलायची. म्हणजे उणे अठराला पळायचेच!

घराबाहेर राहणाऱ्याचा खरा शत्रू मात्र थंडी नव्हे, सर्दी. एक ताप आला की चार महिन्यांची तयारी पाण्यात. म्हणून हे लोक हस्तांदोलन टाळतात. कोरोनाच्या आधीपासून विमानात तोंडाला मास्क लावून बसणारे यांच्यातच जास्त. शाळेतून शिंकत आलेल्या भाच्याला जवळ घेता येत नाही. डिगिन्सला बीजिंगमध्ये ३० किलोमीटरच्या शर्यतीच्या सुमारे ३० तास आधी अन्नातून विषबाधा झाली. तरी ती धावली आणि रौप्य घेऊन आली. सगळ्यांचे नशीब असे नसते. नॉर्वेची थेरेसे योहाउग २०१६ मध्ये इटलीत सरावाला असताना उन्हाने ओठ फुटले. संघाच्या डॉक्टरांनी तिथल्याच औषधाच्या दुकानातून मलम आणून दिले. मलमात बंदी असलेले द्रव्य निघाले. खोक्यावर तशी सूचनाही छापलेली होती, पण ती पाळली गेली नाही. दीड वर्षाची बंदी लागली आणि २०१८ चे ऑलिम्पिक गेले. परक्या गावी, परक्या भाषेतल्या खोक्यातले औषध घेताना एवढेच लक्षात ठेवायचे असते की विश्वास डॉक्टरांवर असला तरी निकालपत्रकात नाव आपले असते.

मुसलमान खेळाडूच्या वाटेवर आणखी काही प्रश्न येतात. आपल्या वाचकांना ते आधी सुचतील. रुका हे गाव ध्रुववृत्ताच्या अगदी काठावर. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य जेमतेम चार-साडेचार तास दिसतो. जुहरपासून मगरिबपर्यंत दोन-सव्वादोन तास आणि त्यातच असर. बरोबर त्याच वेळेत शर्यतही. आपण महाराष्ट्रात पश्चिमेला तोंड करून उभे राहतो, तिथे किब्ला जवळजवळ दक्षिणेला येतो, किंचित पूर्वेकडे. नव्या खोलीत पहिले काम म्हणजे दिशा ठरवणे. मुसाफिराला कसर नमाजची सवलत आहेच. वजू करताना चामड्याच्या मोजांवर मसह करण्याची मुभा मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्रींची आहे. उणे पंधरा अंशांत ती सवलत काय चीज आहे हे मुंबईच्या पंख्याखाली बसून कळणार नाही. जेवणाचे म्हणाल तर छोट्या गावातल्या हॉटेलात डुकराचे सॉसेज समोर असतेच, पण मासे, अंडी, ओट्सची खीर, बटाटे यांवर दिवस निघतो. उत्तरेत मासळी मुबलक, ही अल्लाहची मेहरबानी.

रोजांचा प्रश्न अलीकडे जवळ आला आहे. चांद्रवर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे रमजान आता हंगामातच येतो. २०२५ ला नॉर्वेच्या ट्रोन्हाइममध्ये जागतिक स्पर्धा २६ फेब्रुवारी ते ९ मार्च होत्या आणि रमजान मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला लागला. प्रवासात रोजा पुढे ढकलून नंतर कजा करण्याची सवलत कुरआनानेच दिली आहे. ती कोणी घ्यावी आणि कोणी न घ्यावी, यावर एखाद्या शिक्षकाने फतवा देऊ नये. ते आलिमांचे काम. मला एवढेच वाटते की सवलत घेणाऱ्याकडे आपण घरबसल्या तिरक्या नजरेने पाहू नये.

कपड्यांबद्दल एक गोष्ट गमतीची आहे. मुलींनी खेळात जाऊ नये यासाठी आपल्याकडे पहिले कारण पोशाखाचे दिले जाते. या खेळात थंडीने ते कारण निम्मे निकाली काढले आहे. टोपी, हातमोजे, गळपट्टी, पूर्ण बाह्या सगळ्यांनाच. सूट अंगासरशी असतो हे खरे, ते नाकारत नाही, पण त्यावर सैल जाकीट चढवायला नियम आड येत नाही. २०१८ च्या उद्घाटनात इराणचा ध्वज सामानेह बैरामी बाहेर या क्रॉस-कंट्री स्कीपटू मुलीने नेला. डोके झाकलेले होते आणि शर्यतही तिने केली.

या फेरीत पदकांच्या मागे धावणारे मूठभर. बाकीचे गुणांच्या मागे. महासंघाच्या गुणपद्धतीत कमी गुण म्हणजे चांगले. विजेत्याच्या जितके मागे राहाल तितके गुण वाढतात. २०१८ साठी छोट्या देशांच्या खेळाडूला पाच शर्यतींची सरासरी ३०० च्या आत ठेवायची होती. मग ज्या शर्यतीत संधी दिसेल तिकडे धाव. टोंगा या प्रशांत महासागरातील बेटांच्या देशाचा पिता ताउफातोफुआ, मूळचा तायक्वांदो खेळाडू. त्याने कोलंबियात चाकांच्या स्कीवर गुण मिळवले, पण एक शर्यत तरी खऱ्या बर्फावर हवी होती. गावामागून गाव हुकत गेले आणि शेवटी मुदत संपता संपता आइसलँडच्या वायव्येला इसाफ्योर्दूर नावाच्या छोट्या बंदरगावी ते जमले. उधारीवर, ओळखीच्या सोफ्यांवर झोपत, तीन-चार देशांचे असे खेळाडू एकमेकांच्या आधाराने फिरत होते.

प्याँगचँगच्या १५ किलोमीटरच्या शर्यतीत आपला जगदीश सिंग १०३वा आला. मोरोक्कोचा समीर अझ्झिमानी १११वा. हा २०१० ला अल्पाइनमध्ये उतरला होता आणि आठ वर्षांनी खेळ बदलून क्रॉस-कंट्रीत परतला. टोंगाचा ताउफातोफुआ ११४वा. सर्वांत शेवटी, ११६वा, मेक्सिकोचा ४३ वर्षांचा हेरमान माद्राझो. तो हातात आपला झेंडा घेऊन शेवटच्या रेषेवर आला तेव्हा टोंगा, मोरोक्को, पोर्तुगाल, कोलंबियाचे खेळाडू घरी न जाता तिथेच थांबलेले. त्यांनी त्याला खांद्यावर उचलले. शर्यत जिंकलेला दारिओ कोलोन्याही येऊन त्याला भेटला.

कोलोन्याची ही सवय जुनी. सोचीत नदीमनंतर नेपाळचा दाछिरी शेर्पा आला. हा फ्रान्समध्ये गवंडीकाम करून तीन ऑलिम्पिक खेळलेला माणूस. त्याच्यानंतर बरगडी मोडलेली असताना पेरूचा रॉबेर्तो कार्सेलेन, ८७वा आणि शेवटचा. सुवर्णपदक मिळवून कितीतरी वेळ झाला होता, तरी कोलोन्या रेषेजवळ उभा होता, शेर्पाही उभा होता. हे दृश्य मी मुलांना दाखवतो तेव्हा ती आधी विचारतात, ‘पहिला कुठला?’ आणि मग विचारतात, ‘तो शेवटच्याला का थांबलाय?’

आपल्या देशात ही वाट गुलमर्गवरून जाते. लष्कराची उंच प्रदेशातील युद्धशाळा तिथेच आहे, जगदीश सिंग तिथलाच. सामान्य मुलामुलींसाठी पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थाही तिथे शिकवते. २०२० पासून गुलमर्गला ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा होतात आणि त्यांत क्रॉस-कंट्री असते. २०२५ ला फेब्रुवारीत बर्फच पुरेसा पडला नाही. स्पर्धा पुढे ढकलल्या गेल्या आणि ९ ते १२ मार्चला झाल्या. आपल्याकडे २ मार्चला पहिला रोजा होता. म्हणजे पहिल्या शर्यतीच्या दिवशी आठवा रोजा, आणि गुलमर्गच्या बाजूला सूर्य मावळतो तेव्हा साडेसहा वाजून गेलेले असतात.